बोन्सायची कुंडी: माप, माती आणि पाणी

हाताने घडवलेली बोन्सायची कुंडी विकत घ्यायची असेल तर ती आधी उलटी करावी. रंग, काठाचे वळण, झिलईची चमक हे सगळे नंतर पाहता येते. बुडाकडे नजर टाकली की कामाच्या गोष्टी लगेच कळतात. पाणी जायची भोके किती आणि केवढी आहेत? झाड बांधून ठेवायची तार ओवण्यासाठी शेजारी बारीक छिद्रे आहेत का? पाय किती उंच आहेत? घडवणाऱ्याने आपले नाव किंवा शिक्का उठवला आहे का? फूटभर लांबीच्या ट्रेला निदान दोन सेंटिमीटर व्यासाची दोन भोके हवीत आणि पायांमुळे बूड जमिनीपासून बोटभर तरी वर राहायला हवे. पाय नसलेली कुंडी ओट्यावर बसली की भोके दाबली जातात. मग ती कितीही मोठी असली तरी उपयोग नाही.

पुढची पायरी म्हणजे कुंडी सरळ ठेवून आत तांब्याभर पाणी ओतायचे. सगळे पाणी भोकांकडे वाहून गेले पाहिजे. पुष्कळ हातघडणीच्या ट्रेंचे बूड भाजताना मध्ये किंचित खचते, भोकांचे काठ वर राहतात आणि तळात पाण्याचे डबके साचते. दुकानात हे कोणाच्या लक्षात येत नाही. पहिल्या पावसाळ्यात मुळे कुजली की लक्षात येते. कुंडीची आतली बाजू झिलई न दिलेली, खरबरीत असावी. शेवटी बोटाच्या पेराने काठावर टिचकी मारावी. नीट भाजलेले, अखंड भांडे खणखणते. आत बारीक तडा असेल किंवा भाजणी कच्ची असेल तर आवाज बद्द येतो. माठ घेताना आपल्या घरातल्या बायका हेच करत आल्या आहेत, आणि ती पारख इथेही तितकीच चोख ठरते.

पाण्याचा एवढा विचार का करायचा, हे समजले की कुंडीबद्दलचे अर्धे निर्णय आपोआप होतात. उथळ कुंडीतून पाणी लवकर निघून जाते, असा समज फार पक्का आहे. प्रत्यक्षात घडते ते याच्या उलट. मातीच्या कणांमधल्या फटी केशाकर्षणाने पाणी धरून ठेवतात. कुंडीच्या तळाशी पाण्याने गच्च भरलेला एक थर कायम राहतो आणि भोक कितीही मोठे केले तरी तो खाली उतरत नाही. या थराची जाडी ठरते मातीचे कण केवढे आहेत त्यावर; कुंडी किती खोल आहे त्यावर नाही. समजा हा थर चार सेंटिमीटरचा आहे. वीस सेंटिमीटर खोल कुंडीत त्याच्या वर सोळा सेंटिमीटर हवेशीर माती उरते. पाच सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये उरते एक सेंटिमीटर. भांडी घासायचा चौकोनी स्पंज पाण्यात भिजवून आडवा धरून पाहा. ठिबकणे थांबले की तोच स्पंज उभा करा. खालच्या टोकातून पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच असतो, फक्त पाण्याच्या स्तंभाची उंची वाढलेली असते.

उथळ ट्रेमध्ये एकूण पाणी मात्र थोडेच मावते आणि उघडा पृष्ठभाग मोठा असतो. त्यामुळे एप्रिलच्या उन्हात ते संपतेही भराभर. पावसात गुदमरणे आणि उन्हात तहानणे ही दोन्ही संकटे एकाच झाडावर एकाच वर्षात येतात. जपानी पुस्तकांतली मापे जशीच्या तशी उचलून इथे चालत नाहीत, त्याचे हे पहिले कारण.

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे या बाबतीत विलक्षण आहेत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास असतो. सांगलीतही शिराळ्याचा डोंगराळ पश्चिम भाग ओला आणि जत, आटपाडी कोरडी. वाई, पाचगणी, मेढा या बाजूला राहणाऱ्याने उंच पायांची, मोठ्या भोकांची कुंडी घ्यावी आणि मातीचे मिश्रण जाडसर ठेवावे. जूनमध्ये झड लागली की ट्रेच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा सरकवावा. ट्रे तिरका झाला की पाण्याच्या स्तंभाची उंची वाढते आणि स्पंजाच्या नियमाने जादा पाणी उतरत्या बाजूच्या भोकातून बाहेर पडते. विटा, जत किंवा म्हसवडच्या माणसाने ट्रे पुस्तकी मापापेक्षा एक-दोन सेंटिमीटर खोल, जाड भिंतीचा आणि शक्यतो झिलई नसलेला निवडावा. काळी झिलई तर तिकडे टाळावीच. दुपारच्या उन्हात अशा ट्रेची कड हात लावू देत नाही, आणि कडेची कोवळी मुळेच झाडाला पाणी पुरवत असतात.

मिश्रणाची गोष्ट थोडक्यात सांगतो. विटांचा चुरा, धुतलेली जाड वाळू किंवा बारीक खडी, आणि पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत. कण साधारण दोन ते पाच मिलिमीटरचे ठेवावेत, त्याखालची धूळ चाळून टाकावी. तळाचा तो ओला थर या धुळीमुळेच जाड होतो. विटेचा तुकडा रात्रभर पाण्यात ठेवावा. सकाळी बोटाने दाबून त्याचा चिखल झाला तर ती वीट कच्ची, कुंडीत वापरू नये. शेतातली काळी माती कुंडीत अजिबात घालू नये. भिजल्यावर ती फुगते, सुकल्यावर आक्रसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते, मग वरून घातलेले पाणी फटीतून थेट खाली जाते आणि मुळांचा गोळा कोरडाच राहतो.

ही काळी माती कुंडी घडवायलाही एकटी चालत नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, झिजून ती तयार झाली. तिच्यात पाणी शोषून फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. ओली असताना ती लोण्यासारखी वळते, पण सुकताना इतकी आक्रसते की भांड्याला भेगा पडतात. म्हणून आपले कुंभार तळ्यातला किंवा नदीकाठचा गाळ निवडतात, तो भिजवून चाळतात आणि त्यात घोड्याची किंवा गाढवाची लीद, राख, बारीक वाळू मिसळतात. लिदीतला गवताचा चोथा सुकताना माती धरून ठेवतो. भट्टीत तो जळून जातो आणि त्याच्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहतात. माठातले पाणी या पोकळ्यांतून पाझरते, बाहेर येऊन उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. बिनझिलईच्या कुंडीतही हेच चालते. मे महिन्यात सांगलीच्या गच्चीवर प्लॅस्टिकच्या कुंडीतली माती तापते तेव्हा शेजारच्या मातीच्या कुंडीतली मुळे बरीच सुखात असतात. याची किंमत एकच: पाणी जास्त वेळा घालावे लागते.

कुंभार हा गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांपैकी एक. सातारा, कराड, मिरज, सांगली अशा जुन्या गावांतून कुंभारकाम आजही चालते. हंगाम बदलतो तसा माल बदलतो. संक्रांतीची सुगडी, उन्हाळ्याचे माठ, गणपती, नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या. यांच्यापैकी कोणी मुद्दाम बोन्सायचा ट्रे घडवत नाही, पण त्याच्या अगदी जवळचे भांडे त्यांच्या हाताला सवयीचे आहे: परळ. रुंद तोंडाचे, उथळ, जाड काठाचे. कुंभाराकडे जाऊन जपानी नावे सांगत बसण्यापेक्षा ‘परळासारखे, पण बूड सपाट, तळाला दोन मोठी भोके, बाजूला चार बारीक छिद्रे आणि खाली तीन पाय’ असे सांगितले की त्याच्या डोळ्यांसमोर चित्र लगेच उभे राहते. मला वाटते, या दोन जिल्ह्यांत बोन्साय जोपासणाऱ्याने कुंड्यांच्या संग्रहाची सुरुवात इथूनच करावी. दुरून मागवलेली पन्नास भांडी जमवण्याआधी जवळच्या चाकावर आपल्या झाडाच्या मापाचे एक भांडे घडताना पाहावे. भांडे का वाकते, का तडकते, कुठे जाड हवे, हे त्या एका भेटीत जेवढे कळते तेवढे दुसरीकडे कळत नाही.

चाकावर फक्त गोल भांडे घडते. लंबगोल ट्रे हवा असेल तर आधी पसरट गोल भांडे फिरवून घ्यायचे. ते अर्धवट सुकून हाताला चिकटेनासे झाले की बुडातून पानाच्या आकाराची एक चीर कापून काढायची आणि दोन्ही बाजू हलकेच दाबून ती फट मिटवायची. वर्तुळ लांबट होते. चौकोनी ट्रेसाठी मातीची पोळी लाटून तिचे तुकडे जोडतात. जोडाच्या दोन्ही कडांवर ओरखडे काढून मधे पातळ चिखल भरायचा, नाहीतर सुकताना सांधा उकलतो. पायही याच अर्धवट सुकल्या अवस्थेत लावायचे. ओल्या भांड्याला कोरडा पाय लावला तर दोघांच्या आक्रसण्यात फरक पडतो आणि पाय गळून पडतो.

सपाट ट्रे वाकण्याचे कारणही सुकण्यातच आहे. काठाला वारा लागतो, तो आधी सुकतो आणि आक्रसतो. बुडाचा मधला भाग अजून ओलाच असतो. ही ओढाताण बुडाला मधोमध तडा देते किंवा कोपरे वर उचलते. उपाय म्हणजे धीर. ट्रे सावलीत ठेवायचा, काठावर ओलसर गोणपाट किंवा प्लॅस्टिक टाकायचे, अधूनमधून पालथा करायचा. माठाला जिथे चार दिवस पुरतात तिथे मोठ्या सपाट ट्रेला दोन आठवडेही लागू शकतात. ट्रे महाग का, याचे उत्तर या दोन आठवड्यांत आणि भट्टीतून वाकडे निघणाऱ्या नगांत आहे. म्हणून किमतीत घासाघीस करू नये.

माप सांगताना आणखी एक हिशेब करावा लागतो. ओली माती सुकताना आणि भाजताना मिळून साधारण दहा टक्के आक्रसते. नेमका आकडा ज्याच्या त्याच्या मातीवर असतो आणि कुंभाराला तो माहीत असतो. तयार ट्रे ३० सेंटिमीटरचा हवा असेल आणि माती दहा टक्के आक्रसत असेल, तर ओले माप तेहतीस सेंटिमीटर आणि वर थोडे धरावे लागते, कारण ३० ला ०.९ ने भागायचे असते. आपण दिलेले माप तयार भांड्याचे की ओल्याचे, आतले की बाहेरचे, हे बोलून घ्यावे. भिंत सव्वा सेंटिमीटर जाड असेल तर बाहेरून तीस भरणारा ट्रे आतून साडेसत्तावीसच असतो, आणि मुळे आत राहतात.

गोवऱ्या, लाकूड आणि भुसा रचून पेटवलेल्या आव्यात तापमान साधारण सातशे ते नऊशे अंशांपर्यंत जाते. पाचशे-सहाशे अंशांच्या टप्प्यात मातीच्या रेणूंत बांधलेले पाणी निघून जाते आणि त्यानंतर ती माती पुन्हा पाण्यात विरघळत नाही. म्हणून आव्यातली भाजणी कुंडीला पुरते. स्टोनवेअर म्हणजे दगडासारखे घट्ट भांडे मात्र बाराशे अंशांच्या वर भाजावे लागते. तिथे मातीतले काही घटक वितळून काचेसारखे होतात, पोकळ्या बुजतात आणि भांडे जेमतेम दोन-तीन टक्के पाणी शोषते. आपली लोहयुक्त माती त्या उष्णतेला उभी राहत नाही. ती खचते, फुगते, शेवटी वितळते. त्यामुळे स्टोनवेअर करणारे स्टुडिओ कुंभार गुजरात, राजस्थानकडची पांढरी आणि चिकण माती मागवतात. उत्तम निळी, हिरवी, दुधी झिलई याच भाजणीत खुलते.

अशी हातघडणीची भांडी हवी असतील तर थोडा प्रवास करावा लागतो. मिरजेहून बेळगावमार्गे लोंढ्याकडे जाणारी रेल्वे खानापूरला थांबते. हे आपल्या सांगली जिल्ह्यातले विट्याजवळचे खानापूर नव्हे, बेळगाव जिल्ह्यातले. तिथल्या मातीवर कौलांचा आणि भांड्यांचा धंदा वाढला, आणि खादी ग्रामोद्योग आयोगाची ग्रामीण कुंभारकामाचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्थाही तिथेच आहे. मुंबईजवळ भाईंदरला काम करणाऱ्या ब्रह्मदेव राम पंडित यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली. परंपरागत कुंभाराचा हात स्टोनवेअरमध्ये किती पुढे जाऊ शकतो हे त्यांच्या कामात दिसते. दक्षिणेत पुदुच्चेरीला रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीने देशभरचे स्टुडिओ कुंभार घडवले. पुणे-मुंबईतल्या कोणत्याही स्टुडिओ कुंभाराला माप आणि छायाचित्र दिले तर तो बोन्सायची कुंडी करून देऊ शकतो, फक्त भोके, तारेची छिद्रे आणि पाय आपण सांगायला हवेत. उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याचे साच्यातले ट्रे आपल्या रोपवाटिकांत सर्रास मिळतात. रोजच्या कामाला ते चांगले असतात, पण सगळे एकसारखे. सिमेंटचे ट्रेही चालतात; नव्या सिमेंटमधला चुना आधी पाण्यात मुरवून काढून टाकावा लागतो.

कुंड्या जमवण्याची ही आवड मूळची चीन-जपानमधली, आणि तिकडचा अनुभव आपल्याला उपयोगी पडतो. चीनच्या जिआंग्सू प्रांतातल्या यीशिंगची जांभळट माती बिनझिलईच्या कुंड्यांसाठी प्रसिद्ध. तिथली भांडी समुद्रमार्गे जपानला गेली आणि किती जुन्या काळी समुद्र ओलांडला यावरून तिकडचे संग्राहक आजही त्यांची प्रतवारी करतात. जपानमध्ये आइची प्रांतातले तोकोनामे हे बोन्सायच्या कुंड्यांचे मुख्य गाव. देशातल्या सहा प्राचीन भट्ट्यांपैकी ते एक मानले जाते. लहान कुंड्यांचा सर्वांत नावाजलेला कारागीर क्योतोचा हेइआन तोफुकुजी (१८९० ते १९७०). त्याची तळहातावर मावणारी भांडी आज संग्राहक जपून ठेवतात. सायतामातल्या ओमिया इथे २०१० मध्ये बोन्सायला वाहिलेले संग्रहालय सुरू झाले. तिथे झाडांइतक्याच आस्थेने कुंड्याही मांडल्या आहेत.

आता झाड आणि कुंडी यांची सांगड. पहिले सूत्र मापाचे. कुंडीची लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश; झाड उंचीपेक्षा रुंद असेल तर पसाऱ्याच्या दोन तृतीयांश. खोली साधारण बुंध्याच्या जाडीएवढी. पंचेचाळीस सेंटिमीटर उंचीचे, पाच सेंटिमीटर बुंध्याचे झाड असेल तर ट्रे तीस सेंटिमीटर लांब आणि पाच खोल. या पाचाचे आपल्या कोरड्या भागात साडेसहा-सात करावेत, हे वर सांगितलेच. नजरेला खोल वाटू नये म्हणून काठ किंचित बाहेर वळवून घ्यावा आणि पाय कोपऱ्यांपासून आत घ्यावेत. त्याने ट्रे आहे त्यापेक्षा हलका दिसतो. लटकत्या, कड्यावरून झेपावणाऱ्या झाडाला मात्र खोल आणि उभी कुंडी लागते. तिथे भार एका बाजूला असतो आणि हलक्या भांड्यासकट झाड कलंडते.

दुसरे सूत्र पोताचे आणि रंगाचे. जपानी परंपरेत देवदार, चीड अशा सूचिपर्णी झाडांना बिनझिलईची चौकोनी कुंडी आणि पानगळीच्या, फुलाफळांच्या झाडांना झिलईची लंबगोल कुंडी. आपल्याकडे हे दोन कप्पे पुरत नाहीत. आपला बोन्साय बहुतांश वड, पिंपळ, उंबर यांच्या कुळातला. तो ना चीडासारखा रुक्ष ना मेपलसारखा नाजूक. त्यामुळे इथे प्रत्येक झाड त्याच्या मोकळ्या रानातल्या रूपासह आठवून निर्णय घ्यावा लागतो, आणि असे रूप पाहायला सातारा-सांगलीसारखी जागा नाही.

वडासाठी वैराटगडाच्या पायथ्याशी म्हसव्याला जावे. १८८२ साली तिथल्या वडाचा घेर १,५८७ फूट मोजला गेला होता, उत्तर-दक्षिण ५९५ फूट आणि पूर्व-पश्चिम ४४२ फूट. मूळ बुंधा कुठला हे शोधावे लागावे एवढा तो पारंब्यांवर पसरत गेलेला. हे पाहिल्यावर वडाला अरुंद, खोल कुंडी देण्याची इच्छाच होत नाही. त्याला रुंद, उथळ लंबगोल ट्रे द्यावा आणि पारंब्या खाली उतरून रुजतील एवढी जागा दोन्ही बाजूंना मोकळी ठेवावी. साल राखाडी आणि पान गर्द हिरवे, म्हणून तपकिरी बिनझिलई किंवा चमक नसलेली करडी झिलई शोभते. चकचकीत पांढऱ्या ट्रेमध्ये वड पाहुणा आल्यासारखा दिसतो.

पिंपळ वाईच्या आणि मेणवलीच्या घाटांवर दगडांच्या सांध्यांतून उगवलेला दिसतो. तो दगड सोडत नाही. त्याला थोडी खोल, खरबरीत, दगडी पोताची कुंडी द्यावी. कोवळी पालवी तांबूस निघते तेव्हा निळसर करडा रंग तिला उठाव देतो. चिंचेचे पान बारीक, साल भेगाळलेली, खोड जुनाट. कोपरे किंचित गोल केलेला चौकोनी बिनझिलई ट्रे तिच्यासाठी. बाभूळ माणदेशातली, सपाट माथ्याची, काटेरी. तिला शक्य तितके साधे, ओबडधोबड भांडे हवे, झिलई आणि नक्षी दोन्ही नकोत.

डाळिंब हे माझ्या मते या भागाचे सर्वांत गुणी बोन्साय झाड. आटपाडी, जत, माण या पट्ट्यात ते शेतातच वाढते, खोड वयाबरोबर पिळदार होते आणि लालभडक फूल लहान झाडावरही येते. इथे झिलई हवीच. फूल आणि फळ दोन्ही लाल, म्हणून कुंडी हिरवट निळी किंवा फिकट सागरी हिरवी घ्यावी. लाल, केशरी झिलई फुलांशी भांडते. कुंडीही थोडी खोल असावी, कारण फळ धरायचे तर मुळांना अन्न जास्त लागते. बोगनवेलीला गडद गुलाबी बहर येतो तेव्हा दुधी किंवा राखी झिलई त्याला वाव देते. कामिनीच्या पांढऱ्या फुलांना गडद निळा. अडेनियमच्या फुगीर बुडाला गोल, उथळ, जाड काठाची भाजक्या मातीची कुंडी आणि भले मोठे भोक. त्याला ओल सोसत नाही, त्यामुळे परळाच्या घाटाचे स्थानिक भांडे त्याला सगळ्यांत मानवते.

महाबळेश्वरच्या पठारावर वाऱ्या-पावसाने खुरटलेली अंजन आणि जांभळाची झाडे निसर्गानेच घडवलेले बोन्साय आहेत. एकेका फांदीचे वळण, वाऱ्याच्या दिशेने कललेला माथा हे डोळे भरून पाहावे, रेखाटून घ्यावे. मात्र तिथून किंवा कासच्या पठारावरून एक रोपही उपटू नये. पातळ मातीत ती अशी व्हायला कित्येक दशके लागली आहेत, आणि कास तर पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत २०१२ पासून आहे. रोपवाटिकेतले रोप, फांदीची कलमे, किंवा पाडायला काढलेल्या भिंतीतला पिंपळ एवढे आपल्याला पुष्कळ आहे.

संग्रह करणाऱ्याने झाड आधी आणि कुंडी नंतर, हा क्रम मोडू नये असे मला ठामपणे वाटते. वाढत्या झाडाला साधी खोल कुंडी, लाकडी खोका, काहीही चालते. बुंधा आणि फांद्या घडल्यावरच खरी कुंडी ठरवावी. चांगले भांडे मिळाले आणि झाड तयार नसेल तर ते रिकामे ठेवायला हरकत नाही. वहीत त्याचे आतले-बाहेरचे माप, घडवणाऱ्याचे नाव, गाव आणि साल लिहून ठेवावे. रिकाम्या कुंड्या एकमेकींत रचताना मध्ये कागद घालावा, काठाचे टवके उडतात ते रचतानाच.

नवी कुंडी भडक दिसते. वापराने तिच्यावर येणारी मंद, खोल छटा हीच संग्राहकांच्या लेखी खरी श्रीमंती. ती घासून काढू नये. क्षारांचा पांढरा पोपडा मात्र वेगळा. सांगलीकडच्या बोअरच्या जड पाण्यात विरघळलेले क्षार बिनझिलई भिंतीतून पाझरतात, पाणी उडते आणि पांढरी साय मागे राहते. भिंत तर विद्रूप होतेच, शिवाय मातीतही क्षार साचतात. साठवलेले पावसाचे पाणी वापरावे, किंवा निदान पावसाळ्यात कुंडी भरपूर धुतली जाऊ द्यावी. रिकाम्या कुंडीवरचा पोपडा पातळ व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसला की बराच निघतो, नंतर स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवावी. झाड असताना व्हिनेगर वापरू नये. तेलाचा हात फिरवला तर डाग झाकले जातात, निघत नाहीत.

तोकोनामेच्या कुंडीची किंमत बुडावरच्या शिक्क्याने ठरते, आणि आपल्या कुंभाराने मात्र आपल्या भांड्यावर कधी नाव घातले नाही, कारण त्याच्याकडे ते कोणी मागितले नाही. ऑर्डर देताना आवर्जून मागावे. माती अर्धवट ओली असताना काडीने नाव, गाव आणि साल कोरायला त्याला क्षणभर लागेल.

वेळ साधणे महत्त्वाचे. पावसाळ्यात सपाट ट्रे सुकत नाहीत, आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंत कुंभाराला मान वर करायला उसंत नसते. दिवाळी संपली की झाडाचे माप, पुठ्ठ्यावर कापलेला ट्रेचा आकार आणि निम्मे पैसे घेऊन त्याच्याकडे जा. एकाऐवजी दोन नग सांगा, म्हणजे एक वाकला तरी काम अडत नाही, आणि दोन्ही चांगले निघाले तर दोन्ही घ्या. डिसेंबर-जानेवारीत भांडे हाती येईल, पाणी ओतून तपासता येईल. डाळिंब, बोगनवेल आणि अडेनियमची कुंडी फेब्रुवारी-मार्चमध्ये बदला. वड, पिंपळ आणि उंबर यांच्यासाठी जूनचा पहिला पाऊस पडेपर्यंत थांबा.